लॅब्राडॉरचा कान दर पावसाळ्यात पिकतो. या वेळी औषधच लागू पडत नाही

माडाची_सावली

नमस्कार.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या गावात राहतो. आमच्याकडे मोती नावाचा पाच वर्षांचा, ३१ किलो वजनाचा लॅब्राडॉर आहे. गेल्या तीन पावसाळ्यांत त्याचे कान चार वेळा वाहिले असून दर वेळी सुरुवात दांडीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत अशा दिवसांत झाली आहे.

पहिल्या वेळी दोन्ही कानांत तपकिरी, ओशट मळ साचला होता, त्याला शिळ्या ताकासारखा आंबूस वास येत होता आणि मोती सारखे डोके झटकत असे. तालुक्याच्या डॉक्टरांनी जेंटामायसिन, क्लोट्रिमाझोल आणि बीटामेथासोन एकत्र असलेले थेंब दहा दिवस घालायला सांगितले होते. पाचव्या दिवशी कान स्वच्छ दिसू लागला म्हणून आम्ही ते थांबवले. दुसऱ्या वेळी तीच उरलेली बाटली वापरली. तिसऱ्या वेळी पावसाने रस्ता बंद होता, तेव्हा मेडिकलमधून माणसांच्या कानात घालायचे थेंब आणले. त्यांवर क्लोरॅम्फेनिकॉल, बेक्लोमेथासोन, क्लोट्रिमाझोल आणि लिग्नोकेन अशी नावे आहेत. त्यांनीही तेवढ्यापुरता आराम पडला.

या वेळी मात्र प्रकार निराळा दिसतो. उजव्या कानातून पातळ, पिवळट हिरवा पू येतो आणि वास आंबूस नसून कुजकट आहे. एरवी कान चोळून घ्यायला मांडीवर डोके ठेवणारा हा कुत्रा आता त्या बाजूला हात नेला तरी गुरगुरतो. डाव्या कानात पूर्वीसारखाच तपकिरी मळ आहे. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांच्या गोळ्या दहा दिवस देऊन झाल्या, फरक शून्य.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा संसर्ग नेमका कोणत्या जंतूचा असावा? एवढ्या महागड्या गोळ्या देऊनही उपयोग का झाला नाही? आणि कानातील पू तपासायला पाठवणे खरोखर आवश्यक आहे का? आमच्यापासून प्रयोगशाळा दूर आहे, पण गरज असेल तर मी जाईन. शेजारी लिंबाचा रस आणि खोबरेल तेल घालण्याचा आग्रह करत आहेत. ते अद्याप घातलेले नाही.

---

पशुवैद्य_सातारा

आपण वास आणि रंग यांतील फरक नोंदवला हे फार चांगले केले, कारण अर्धे निदान त्यातच आहे. मी कान पाहिलेला नाही, त्यामुळे पुढील मजकूर आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावा एवढ्याच हेतूने लिहीत आहे. औषधांचे डोस मी मुद्दाम देत नाही.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळून पडद्यापर्यंत जाते. त्या वळणाच्या तळाशी मळ, पाणी आणि पू साचून राहतो. लॅब्राडॉरच्या कानाची लोंबती पाळी वरून झाकण घालते. निरोगी कानातही मॅलॅसेझिया पॅकिडर्माटिस नावाचे यीस्ट आणि स्टॅफिलोकोकाय गटातील काही गोल जिवाणू थोड्या संख्येने राहतातच. ॲलर्जीमुळे नळीची त्वचा सुजली, मेणग्रंथी जास्त पाझरू लागल्या आणि वर पावसाळ्याची दमट हवा मिळाली, की हेच रहिवासी बेसुमार वाढतात. पहिल्या वेळचा तपकिरी, ओशट, आंबूस मळ हा बहुधा या यीस्टचाच प्रताप होता. (गंमत म्हणून सांगतो, या यीस्टच्या नावातील ‘पॅकिडर्म’ म्हणजे जाड कातडीचा प्राणी, १९२५ साली ते प्रथम वर्णिले गेले तेव्हा त्वचाविकार झालेल्या एका भारतीय गेंड्याच्या अंगावरून मिळवलेले होते.)

आता उजव्या कानाविषयी. पातळ पिवळा-हिरवा पू, कुजकट वास आणि हात लावू न देण्याइतकी वेदना हे तिन्ही एकत्र दिसले की आम्हाला पहिली शंका सुडोमोनास एरुजिनोसा या दंडगोल जिवाणूची येते. हा जिवाणू पाण्यात आणि ओल्या मातीत सर्वत्र असतो. निरोगी कानात तो सहसा टिकत नाही. वारंवार सुजलेल्या, अर्धवट उपचार झालेल्या कानात मात्र प्रतिजैविकांनी आधीचे जिवाणू मारून जागा मोकळी केलेली असते, आणि तेथे हा येऊन बसतो. नळीच्या आतील त्वचेला तो जखमा पाडतो, म्हणून इतके दुखते. प्रोटियस आणि ई. कोलाय यांमुळेही असा पू होऊ शकतो. नुसत्या डोळ्यांनी त्यांतला भेद करता येत नाही.

गोळ्या का चालल्या नाहीत याची दोन कारणे आहेत. पहिले असे की सुडोमोनासवर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचा जन्मतःच परिणाम होत नाही. सेफॅलेक्सिन, ट्रायमेथोप्रिम आणि क्लोरॅम्फेनिकॉल यांचीही तीच कथा आहे, त्यामुळे माणसांचे ते थेंब या वेळी पुन्हा घातले असते तरी त्यातील प्रतिजैविक या जिवाणूपुढे निरुपयोगी ठरले असते. स्टिरॉइडमुळे सूज ओसरून बरे वाटल्याचा भास तेवढा झाला असता. दुसरे कारण असे की बाह्यकर्णाचा संसर्ग नळीच्या पोकळीत आणि तिच्या अस्तरावर असतो, आणि पोटातून दिलेले औषध रक्तावाटे त्या पोकळीत फारच थोडे उतरते. थेंबांतून मात्र तेच औषध शेकडो पटींनी अधिक तीव्रतेने थेट जागेवर पोहोचवता येते. म्हणून साध्या बाह्यकर्णदाहात पोटातून प्रतिजैविक देण्याची सवय आता सोडायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. मध्यकर्णात संसर्ग शिरला असेल तर गोष्ट वेगळी.

डॉक्टरांकडे गेल्यावर मी पुढील क्रमाचा आग्रह धरेन. सर्वप्रथम दोन्ही कानांतील मळाची स्लाइड, तीही वेगवेगळी. कापसाची काडी नळीत फिरवून ती काचपट्टीवर लाटायची, झटपट होणारे रंजन करायचे, म्हणजे पेशी आणि जंतू दिसावेत म्हणून रंग द्यायचा, आणि तेलाच्या भिंगाखाली पाहायचे; दहा मिनिटांचे काम आहे. यीस्ट भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखे दिसते, स्टॅफिलोकोकाय गोल ठिपक्यांच्या घोसांसारखे आणि सुडोमोनास बारीक काड्यांसारखा. पांढऱ्या पेशींच्या पोटात जिवाणू दिसले तर संसर्ग खरा आहे, नुसती वस्ती नाही, हे कळते.

त्यानंतर सूज उतरवणे. नळीच बंद झाली असेल तर वरून घातलेला एकही थेंब तळाशी पोहोचत नाही, म्हणून अनेकदा आधी काही दिवस पोटातून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड द्यावे लागते. त्या काळात मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक सोबत कदापि देऊ नये. दोन्ही मिळून आतड्यात व्रण होण्याचा धोका असतो. वेदना जास्त असेल तर भूल देऊन, कोमट सलाइनने नळी खोलवर धुऊन, पडदा शाबूत आहे का हे पाहूनच पुढचे औषध ठरवावे. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिन, निओमायसिन, पॉलिमिक्सिन किंवा क्लोरहेक्झिडिन आत गेले तर ऐकण्याची शक्ती आणि तोल या दोहोंना इजा होऊ शकते.

सुडोमोनास निघाला तर पॉलिमिक्सिन बी, जेंटामायसिन, मार्बोफ्लॉक्सासिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन, सिल्व्हर सल्फाडायझिन यांतून निवड होते. एक बारकावा लक्षात ठेवावा: पॉलिमिक्सिन पुवात निष्क्रिय होते आणि प्रोटियसवर ते मुळातच चालत नाही, तर जेंटामायसिन पुवात आणि आम्लधर्मी वातावरणात दुबळे पडते. कान न धुता नुसते थेंब घालत राहणे म्हणजे औषध वाया घालवणे होय. आठवड्याला एकदा किंवा एकदाच घालायचे फ्लोरफेनिकॉल व टर्बिनाफिनचे नवे मिश्रण अनेकांना सोयीचे वाटते, आणि यीस्ट वा स्टॅफिलोकोकस असेल तर ते उत्तमच आहे, पण फ्लोरफेनिकॉल सुडोमोनासवर चालत नाही. म्हणजे स्लाइड न पाहता ते घातले तर महिनाभर थांबून हाती काही लागत नाही.

लिंबू घालू नका. जखमी त्वचेवर आम्ल पडले तर तो कुत्रा पुन्हा कधी कानाला हात लावू देणार नाही. तेलाने जंतू मरत नाहीत, आणि पू आत कोंडून राहतो.

---

जुना_वाडा

आमच्या गावठी कुत्र्यालाही कान खाजवण्याचा असाच त्रास होता. कानात काळा, कॉफीच्या चोथ्यासारखा मळ असे. आयव्हरमेक्टिनची दोन इंजेक्शने दिली आणि कापूर घातलेले खोबरेल तेल लावले. पंधरा दिवसांत कान कोरडे झाले आणि आजतागायत त्रास नाही. एवढी स्लाइड-बिलाईड करण्याआधी हा उपाय करून पाहायला काय हरकत आहे?

---

पशुवैद्य_सातारा

आपल्या कुत्र्याला कानातील कोळीवर्गीय बारीक परजीवी, म्हणजे ओटोडेक्टिस सायनोटिस झाला असावा. कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ ही त्याची ओळखच आहे. तो पिल्लांत आणि मांजरांत अधिक आढळतो, एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे सहज जातो आणि आयव्हरमेक्टिनने जातो. त्यामुळे आपला उपाय आपल्या कुत्र्यासाठी बरोबरच होता, पण त्याचे श्रेय कापराला देऊ नये. मोतीच्या कानातील हिरव्या पुवाला आयव्हरमेक्टिनने काहीही होणार नाही.

शिवाय ज्यांच्या घरी कोली किंवा त्या जातीचा संकर आहे त्यांनी आयव्हरमेक्टिनपासून दूर राहावे. या कुत्र्यांत एका जनुकातील दोषामुळे ते औषध मेंदूत शिरते आणि झटके, बेशुद्धी, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. आता याच कामासाठी सेलामेक्टिन किंवा फ्लुरालेनर, सॅरोलेनर अशी अधिक सुरक्षित औषधे मिळतात.

काय हरकत आहे, या प्रश्नाचे उत्तर दोन आठवडे हे आहे. सुडोमोनास असेल तर तेवढ्या दिवसांत नळीची त्वचा आणखी जाड होते. ती एकदा कूर्चेपर्यंत घट्ट झाली आणि तीत चुना साचू लागला की औषधांचा मार्ग संपतो, आणि संपूर्ण नळी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

---

दोन_शेपट्या

मी डॉक्टर नाही, परंतु कॉकर स्पॅनियल पाळणाऱ्या माणसाला कानांविषयी जेवढे शिकावे लागते तेवढे शिकले आहे. माझा अनुभव औषधाच्या नावापेक्षा ते घालण्याच्या पद्धतीविषयी आहे.

आमच्या आधीच्या दवाखान्यात, त्याचे नाव घेत नाही, ‘दिवसातून दोनदा तीन थेंब’ एवढेच सांगितले होते. सहा महिने आम्ही तीन थेंब घालत होतो. नंतरच्या डॉक्टरांनी कागदावर गणित मांडून दाखवले: एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिलिलिटर, तीन थेंब म्हणजे ०.१५, आणि मोठ्या कुत्र्याची नळी तळापर्यंत भिजायला जवळजवळ १ मिलिलिटर लागते. आमचे औषध वळणापर्यंतही पोहोचत नव्हते. तेव्हापासून मी बिनसुईच्या १ मिलिलिटरच्या सिरिंजने मोजून घालते.

पद्धत अशी. पाळी वर उचलून हलकेच मागे धरायची म्हणजे नळी थोडी सरळ होते. धुण्याचे द्रावण हाताच्या उबेने कोमट करून नळी भरेपर्यंत ओतायचे, मग पाळीच्या मुळाशी, जबड्याच्या मागे बोटांना जी कडक नळी लागते ती अर्धा मिनिट चोळायची. आतून ‘पचक पचक’ असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर द्रावण कमी पडले असे समजावे. मग हात सोडून कुत्र्याला डोके झटकू द्यायचे (हे काम न्हाणीघरात करावे, भिंतींचा रंग वाचतो) आणि वर आलेला मळ कापसाने टिपून घ्यायचा. कानात काडी खुपसायची नाही. ती मळ आणखी आत ढकलते.

दुसरी चूक मी स्वतः केली. एका कानाला लागलेले बाटलीचे टोक दुसऱ्या कानाला लावत गेले आणि एका कानाचा आजार दोन कानांचा झाला. आपण आधीची उरलेली, उघडलेली बाटली वापरली असे लिहिले आहे म्हणून हे मुद्दाम सांगते: उघडलेल्या, टोक माखलेल्या बाटलीतच जिवाणू वाढू शकतात. आता माझ्याकडे दोन सिरिंजा असतात, एकीवर लाल दोरा आणि दुसरीवर पांढरा.

आणि मोती खाडीत पोहतो का? लॅब्राडॉर आणि खाडी एकाच गावात असताना हा प्रश्न विचारणेच वेडेपणाचे आहे, तरी विचारते.

---

स्लाइडवाली

मी पशुरोगनिदान प्रयोगशाळेत काम करते. पू तपासायला पाठवण्याविषयी, म्हणजे कल्चरविषयी (नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची चाचणी) जो प्रश्न आहे त्याला उत्तर देते.

पहिल्यांदाच कान वाहत असेल आणि स्लाइडमध्ये फक्त यीस्ट किंवा गोल जिवाणू दिसत असतील तर कल्चरचा खर्च बहुतेक वेळा वाया जातो. काड्यांसारखे जिवाणू दिसले, उपचार करूनही ते हटले नाहीत किंवा मध्यकर्णासाठी पोटातून प्रतिजैविक द्यावे लागणार असेल, तर मात्र कल्चर करावे. मोतीच्या उजव्या कानासाठी मी ते करेन. नमुना औषध घालण्यापूर्वी, नळीच्या खोल भागातून घ्यावा आणि वाहतूक माध्यम (नमुना वाटेत सुकू न देणारा पदार्थ) असलेल्या नळीतूनच पाठवावा. सुक्या कापसाची काडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आलेले नमुने आमच्याकडे रोज येतात. त्यातून जे उगवते ते बऱ्याचदा कानातले नसून पिशवीतले असते.

सुडोमोनास असेल तर तो फार काळ लपून राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटरचे दार उघडताच द्राक्षांसारखा गोडसर वास येतो आणि तबकडीतील आगर (ज्यावर जंतू वाढवतात तो जेलीसारखा थर) निळसर हिरवे झालेले असते. तो रंग पायोसायनिन या द्रव्याचा. जो हिरवेपणा आपल्याला पुवात दिसला तो याच जातीच्या रंगद्रव्यांचा असू शकतो. दवाखान्यातील झटपट रंजनात सगळेच जिवाणू निळे-जांभळे दिसतात, त्यामुळे तेथे फक्त आकार कळतो. ग्रॅम रंजनात स्टॅफिलोकोकस जांभळा राहतो आणि सुडोमोनास गुलाबी होतो.

अहवाल वाचताना होणारा मोठा घोटाळा असा. अहवालात ‘रेझिस्टंट’ किंवा ‘सेन्सिटिव्ह’ ही जी मोहोर असते ती पोटातून किंवा इंजेक्शनने दिलेल्या औषधाची रक्तात जी पातळी गाठली जाते तिच्या हिशेबाने ठरवलेली असते. जेंटामायसिनचा हा हिशेब मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅमच्या घरात असतो. ०.३ टक्क्यांच्या थेंबांत तेच औषध मिलिलिटरला ३,००० मायक्रोग्रॅम असते. त्यामुळे कागदावर ‘रेझिस्टंट’ दिसलेले औषध स्वच्छ धुतलेल्या कानात भरपूर प्रमाणात घातल्यावर चालून जाते, असे डॉक्टर अनेकदा सांगतात. अहवाल पाहून घाबरून इमिपेनेम किंवा अमिकासिनच्या मागे धावणाऱ्यांनी हे आधी तपासावे. ती औषधे माणसांच्या अतिदक्षता विभागासाठी राखून ठेवायची आहेत.

स्टॅफिलोकोकसविषयीही थोडे. कुत्र्यांत आढळणारी प्रमुख जात स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस ही असून तिला हे नाव २००५ साली मिळाले. त्यापूर्वीच्या अहवालांत ती ‘इंटरमीडियस’ म्हणून दिसेल, आणि घाईत केलेल्या चाचणीत ती ‘ऑरियस’ म्हणूनही खपते. हा फरक केवळ नावापुरता नाही. या जातीतील मेथिसिलिन-रोधकता, म्हणजे मेथिसिलिनच्या गटातील प्रतिजैविकांना दाद न देण्याची ताकद, ओळखण्यासाठी तबकडीवर ऑक्झासिलिन या औषधाची कागदी चकती वापरावी लागते. ऑरियससाठी चालणारी सेफॉक्सिटिनची चकती येथे फसवते. असा रोधक जिवाणू निघाला तर घाबरायचे कारण नाही, परंतु कान धुतल्यावर हात साबणाने धुवावेत आणि घरात केमोथेरपी चालू असलेली व्यक्ती असेल तर तिने हे काम करू नये.

पुवाबरोबर काळपट, बुळबुळीत, तारा सुटणारा थर येत असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगा. तो जैवपटल असण्याची शक्यता असते. जिवाणू स्वतःभोवती चिकट आवरण विणून त्याखाली बसलेले असतात आणि थेंब वरून घसरून जातात. ट्रिस-ईडीटीएचे द्रावण अशा वेळी मोलाचे ठरते. ते जिवाणूच्या बाह्यावरणातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ओढून घेते, त्यामुळे आवरण झिरझिरीत होते. शिवाय त्याचा सामू ८ च्या आसपास असल्याने जेंटामायसिनला हवे तसे अल्कधर्मी वातावरणही मिळते. मात्र ते प्रतिजैविकाच्या १५ ते ३० मिनिटे आधी घालायचे असते, आणि त्याच वेळी आम्लधर्मी क्लीनर वापरला तर सगळा उपक्रम फुकट जातो.

---

माडाची_सावली

सर्वांचे आभार. अठरा दिवसांनी लिहीत आहे, कारण मध्ये दोनदा रत्नागिरीला जावे लागले.

मोतीला हलकी भूल देऊन दोन्ही कान तपासले. डाव्या कानाच्या स्लाइडमध्ये केवळ यीस्ट होते. डॉक्टरांनी मला भिंगातून पाहू दिले आणि खरोखरच काचेवर जांभळ्या शेंगा सांडल्यासारखे दिसत होते. उजव्या कानात नुसत्या काड्या आणि पांढऱ्या पेशींचा खच. कल्चरमध्ये सुडोमोनासच निघाला. एकाच डोक्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे आजार होते, आणि आम्ही तीन वर्षे दोन्हींत एकच बाटली रिकामी करत होतो.

उजवा कान धुताना तळातून आणखी एक वस्तू निघाली. ती डॉक्टरांनी चिमट्याने ओढून माझ्या तळहातावर ठेवली: गवताचे कुसळ, दीड सेंटिमीटर लांब, काळे पडलेले, परंतु त्याचे केस अजून एकाच दिशेला वळलेले. आमच्या मागच्या सड्यावर दिवाळीनंतर कुसळी गवत माजते आणि मोती त्यातून सुसाट धावतो. म्हणजे ते निदान सात-आठ महिने आत होते. पडदा सुदैवाने शाबूत आहे.

पाच दिवस प्रेडनिसोलोन, नंतर ते हळूहळू कमी केले. उजव्या कानाला सकाळ-संध्याकाळ ट्रिस-ईडीटीए, वीस मिनिटांनी मार्बोफ्लॉक्सासिनचे थेंब, सिरिंजने मोजून; डाव्या कानाला मायकोनाझोल. दहाव्या दिवशी वास गेला. काल मोतीने स्वतःहून माझ्या मांडीवर उजवी बाजू टेकवली. खाडीविषयी विचारले होते: होय, तो रोज पोहतो, आणि थांबवणे आमच्या आवाक्यातले नाही.

आता दोन शंका आहेत. कान बाहेरून पूर्ण स्वच्छ दिसतो, मग थेंब केव्हा थांबवू? आणि उजव्या कानाचे कारण कुसळ होते हे पटले, पण डावा कान दर वर्षी का बिघडतो?

---

पशुवैद्य_सातारा

कुसळाचा अंदाज मला यायला हवा होता. एकाच कानाचा त्रास इतका बळावलेला असताना ते नाव मी सुरुवातीलाच घ्यायला हवे होते.

थेंब डोळ्यांच्या भरवशावर थांबवू नका. आपण पहिल्या वर्षी पाचव्या दिवशी थांबवले तेव्हाही कान स्वच्छच दिसत होता. पुन्हा स्लाइड करून तीत एकही काडी दिसली नाही, तर त्यानंतर आणखी आठवडाभर औषध चालू ठेवावे आणि मग बंद करावे. या काळात मोतीचे डोके एका बाजूला कलले, चालताना झोक गेला किंवा उजव्या डोळ्याची पापणी लोंबू लागली तर त्याच दिवशी दाखवा. ती मध्यकर्णाची किंवा त्याही आतली खूण असते.

डावा कान ॲलर्जीकडे बोट दाखवतो. तो पंजे चाटतो का, जांघेत आणि काखेत त्वचा लालसर असते का, हे पाहावे. फक्त पावसाळ्यातच त्रास होत असेल तर घरातील बुरशी, धुळीतील कीटक किंवा परागकण यांची शक्यता अधिक असते. बारमाही कुरबुर असेल तर अन्नाचा प्रयोग करावा: पूर्वी कधीही न खाल्लेले एकच प्रथिन किंवा प्रथिनांचे तुकडे केलेला तयार आहार, सलग आठ आठवडे, अन्य काहीही नाही. आपल्याकडे हा प्रयोग सहसा सातव्या दिवशी आजीच्या हातच्या दूध-चपातीवर मोडतो, आणि दूध हे स्वतःच नेहमीचे ॲलर्जिक अन्न आहे. कोंबडीही त्याच यादीत येते.

पोहणे बंद करू नका. घरी आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुऊन दोन्ही कानांत वाळवणारे द्रावण घाला, मात्र उजव्या कानाची जखम पूर्ण भरल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यानंतरच, आणि तोवर खाडी नाही. कुसळ्यांच्या हंगामात सड्यावरून आल्यावर कानांच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत आणि काखेत हात फिरवून पाहायला विसरू नका.

---

माडाची_सावली

पंजे चाटतो. आम्हाला ती सवय वाटत होती. आहाराचा प्रयोग सोमवारपासून सुरू करतो. आईला आजच सांगितले आहे आणि तिने दुधाची वाटी मोतीच्या देखत मांजरीपुढे ठेवून निषेध नोंदवला आहे.